पत्र्यावर उमटलेली लाट

"मॅडम, हा साइन राहतो तरी कुठे?"

आधीच सांगून ठेवते, त्रिकोणमितीतल्या साइनबद्दलचा हा प्रश्न माझा नव्हता. तो वकिलीणबाईंचा. वकिलीण म्हणजे माझ्या डावीकडे बसणारी मैत्रीण. ती घड्याळाशीसुद्धा वाद घालते आणि जिंकते. उजवीकडे बसते टिकटिक, कारण तास संपायला किती मिनिटं उरली हे ती न विचारता सांगत असते. दोघींनी मधल्या सुट्टीत मला कोंडीत पकडलं. "विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू. नाही विचारलंस तर आमची दोन्ही तू उचलायची." वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही विचारलं असतं.

मॅडम फळ्याकडून वळल्या. आम्ही त्यांना कंपास मॅडम म्हणतो, कारण त्या कंपास न घेता, नुसता हात फिरवून, फळ्यावर असं वर्तुळ काढतात की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते सापडत नाही.

"राहतो कुठे म्हणजे?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. "म्हणजे तुम्ही आठवडाभरात त्याचे चार पत्ते दिलेत. वर्तुळात आहे, कोष्टकात आहे, आलेखात आहे, सूत्रात आहे. पण त्याचं स्वतःचं घर कुठे? की तो कायम फळ्यावरच भाड्याने राहतो?"

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावर कोणीतरी शिट्टीही मारली. मला वाटलं, आता आपली रवानगी दाराबाहेर. पण मॅडमनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवारी शेवटच्या तासाला तूच सांग. एकच साइन, निदान चार रूपांत. आणि त्यातलं एक रूप फळ्याबाहेरचं हवं. ज्याला हात लावता येईल असं."

"मी?"

"प्रश्न कोणी विचारला?"

टिकटिक हळूच पुटपुटली, "तीन दिवस उरले."

तास संपल्यावर मॅडमनी मला टेबलाशी थांबवलं आणि खण उघडला. आत माझा अर्ज होता. आईची सही असलेला. आमच्या शाळेत दोन गणितं आहेत. एक मोठं आणि एक सोपं. चाचणीत मला पन्नासपैकी अकरा मार्क पडले, त्या दिवशी मी घरी जाऊन इतकी रडले की आईने विचारलं, "सोप्या गणितात जातेस का?" आणि मी नाक ओढत हो म्हटलं. एकदा गेलं की परत येता येत नाही. पुढे यंत्र, इमारती, आकाश, जे जे मोठ्या गणिताच्या दारातून जातं ते सगळं बंद. तेव्हा मला वाटलं होतं, बंद तर बंद, निदान झोप तरी लागेल.

"हा मी शनिवारी सकाळी ऑफिसात देणार," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवार संपेपर्यंत तो माझ्याकडे आहे. एवढंच सांगायचं होतं."

खण बंद झाला. खरं सांगते, तोवर मी त्या अर्जाचा विचारही करत नव्हते. पण तो खणात पडलेला पाहिला, आणि आपण आपल्याच हाताने आपल्याला गुंडाळून ठेवलंय असं वाटलं.

आमचं घर वर आणि बाबांचं दुकान खाली. दुकान म्हणजे पत्र्याचं काम. धुराडी, पन्हाळी, हवा खेचणारे मोठे पाइप. माझ्या जन्मापासून आमच्या घरात ठाक-ठाक चालू आहे. शांतता झाली की आम्हाला जाग येते.

बुधवारी शाळेतून आले तर खाली शांतता. मी दप्तर टाकून थेट दुकानात गेले. बाबा स्टुलावर बसून जमिनीवरच्या एका पाइपाकडे बघत होते. म्हणजे दोन तुकडे जोडून केलेल्या वळणाकडे. याला बाबा एल्बो म्हणतात. पाइप सरळ वर जातो आणि मग काटकोनात भिंतीकडे वळतो, तो सांधा. पलीकडच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवाल्या काकूंच्या सुकवायच्या यंत्राची वाफ बाहेर न्यायला हा हवा होता.

"काय झालं?"

"बघ ना. वळतच नाहीये पुरता."

मी पाहिलं. खरंच, काटकोन नव्हताच तो. आळस देऊन अर्ध्यात सोडलेल्या हातासारखा दिसत होता.

"पत्रा वाकडा असेल," मी म्हटलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा स्वतःलाच म्हणाले. "दोन पत्रे गेले पोरी. दुसऱ्यांदा केला, तरी तेवढाच वळला. आता एकच उरलाय आणि सोमवारशिवाय नवा येत नाही. काकूंना शुक्रवारी दुपारी देतो म्हटलंय."

बाबांची कामाची पद्धत सांगते. त्यांच्या उस्तादांनी त्यांना फर्मे दिले होते. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा कापलेला नमुना. तो पत्र्यावर ठेवायचा, टोकदार सळईने कडेने रेघ मारायची, कात्री चालवायची, पत्रा गोल वळवायचा, की झालं. प्रत्येक मापाच्या पाइपाचा फर्मा भिंतीवर खिळ्याला टांगलेला. फर्मा का तसा आहे, हे उस्तादांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. आता काकूंचा पाइप तीस सेंटिमीटर व्यासाचा, आणि बाबांकडे सगळ्यात मोठा फर्मा वीसचा.

"मग तुम्ही काय केलंत?"

"दीडपट लांब केला. गोलाई दीडपट, तर पत्रा दीडपट लांब. बरोबर ना?"

"आणि उंची?"

"उंची कशाला बदलायची? कोन तोच. काटकोन तो काटकोन."

तेवढ्यात मी खाली पाहिलं. आदल्या खेपेचा फुकट गेलेला पत्रा बाबांनी उलगडून जमिनीवर सपाट टाकला होता. त्याची कापलेली कड खालून वर चढत होती, वर जाऊन गोलसर वळत होती, परत खाली उतरत होती. एक अख्खी लाट.

मी त्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाबा! हा साइन आहे!"

"कोण?"

"साइन! हा इथे राहतो!"

"कोण राहतो इथे? अगं भाडेकरू ठेवलाय का तुझ्या आईने?"

मी तोवर खिळ्यावरून वीसचा फर्मा काढला होता. जुना, चांगला, कधी न चुकलेला. त्याच्या मधोमध आडवी रेघ मारली आणि लांबीचे बारा सारखे भाग केले. लाट जिथे मधली रेघ ओलांडून वर जाते तिथून सुरू करून, प्रत्येक भागापाशी ती रेघेपासून किती वर आहे ते पट्टीने मोजायला लागले. पाच. मग आठ आणि सात दशांश. मग दहा. मग परत आठ-सात, पाच, शून्य. आणि मग तेच सगळं रेघेखाली.

हे आकडे मला पाठ होते. वहीत होते. वर्तुळावर एक ठिपका फिरतोय असं समजा. तो मधल्या रेघेपासून किती वर आहे, तो आकडा म्हणजे साइन. तीस अंशांना अर्धा, साठला शून्य दशांश सत्त्याऐंशी, नव्वदला एक. इथे फक्त प्रत्येकाची दहापट होती. मॅडमनी चाचणीत हेच कोष्टक विचारलं होतं आणि मी ते अर्धं चुकवलं होतं, आणि इथे ते इतकी वर्षं माझ्या डोक्यावर खिळ्याला लटकत होतं!

"दहापटच का?" मी मोठ्याने विचारलं. मग मीच उत्तर दिलं, कारण आता मला कोणी थांबवू शकत नव्हतं. "कारण पाइप वीसचा. त्याचा अर्धा दहा. बाबा, काटकोनाचं वळण हवं तर काप पंचेचाळीस अंशांत तिरका लागतो ना? म्हणजे जितका आडवा जाईल तितकाच वर चढेल. वीस आडवा, वीस वर. निम्मा रेघेच्या वर, निम्मा खाली. पाइप तीसचा झाला तर तीस चढायला हवा! तुम्ही लाट लांब केलीत, पण उंच केली नाहीत. म्हणून ती चढणच लोळली."

बाबांनी आळसावलेला एल्बो उचलला, फिरवून पाहिला, खाली ठेवला.

"म्हणजे उंची दहाची पंधरा?"

"पंधरा."

"चाचणीत किती पडले होते तुला?"

"अकरा."

"अकरा मार्कांवर शेवटचा पत्रा कापू?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. पण लागला. एरवी मी पाय आपटत वर गेले असते. त्या दिवशी का गेले नाही ते मलाही माहीत नाही. मी म्हटलं, "पत्रा नका कापू. कागद कापते मी. नाही जमलं तर मुकाट्याने भांडी घासते."

गुरुवारी शाळेतून आल्या आल्या दुकानाच्या जमिनीवर कागद पसरले. पाइपाभोवती दोरा गुंडाळून गोलाई मोजली. चौऱ्याण्णव आणि थोडं वर. बारा भाग केले. कोष्टकातल्या प्रत्येक आकड्याला पंधराने गुणलं. साडेसात, तेरा, पंधरा, तेरा, साडेसात, शून्य. ठिपके मारले. मग ठिपक्यांतून हाताने रेघ फिरवली आणि ती इतकी गुळगुळीत फिरली की माझा मलाच हेवा वाटला. वहीतला माझा आलेख कायम करवतीच्या दातांसारखा यायचा. इथे जमिनीवर, गुडघ्यांवर बसून, हात खांद्यापासून फिरला.

बाबा वाकून बघत होते. "सुरुवात इथून केलीस?" त्यांनी डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे लाट मधल्या रेघेवर होती.

"हो. साइन शून्यापासून सुरू होतो."

"तो होत असेल. पाइप नाही होत. या कडा जिथे भेटतात तिथे शिवण येते, बाई. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत अडकवून ठोकायच्या. शिवण आखूड बाजूला घ्यायची. जितकी आखूड शिवण तितकं कमी ठोकायचं, तितकी कमी गळती. तुझी लाट तळापासून सुरू कर."

 तळापासून सुरू होणारी तीच लाट! म्हणजे उलटा कोसाइन! मॅडम आठवडाभर घसा कोरडा करून सांगत होत्या की साइन आणि कोसाइन ही एकच लाट आहे, फक्त सुरुवात सरकवलेली, आणि ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी होत होतं. सरकवायची कशाला, हेच मला कळत नव्हतं. शिवणीसाठी सरकवायची!

"बाबा, तुम्ही आत्ता कोसाइन शिकवलात मला."

"मी? काहीतरीच."

पुन्हा आखलं, तळापासून. कागद कापला. आणि गंमत म्हणजे एकाच कापात दोन तुकडे मिळाले, खालचा आणि वरचा. खालचा गुंडाळला. वरचा गुंडाळून अर्धा फेरा फिरवला आणि खालच्यावर ठेवला. लाट कुठे गेली? नाहीच! गोल झाल्याबरोबर ती सरळ तिरकी चढण झाली, सुरीने मुळा कापावा तशी. दोन तिरके काप एकमेकांवर बसले. बाबांनी गुण्या आणला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. तो त्यांनी कागदी एल्बोच्या कुशीत टेकवला.

एका बाजूने टेकला. दुसऱ्या बाजूनेही टेकला. मध्ये उजेडाची चीरसुद्धा नाही.

 बाबांनी शेवटचा पत्रा भिंतीवरून उतरवला, टेबलावर आडवा केला आणि टोकदार सळई माझ्या हातात दिली.

"मी आखू?"

"मग काय शेजारच्यांना बोलवू? घडीसाठी दोन्ही कडांना बोटभर जास्त सोड."

तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली. आई औषधाच्या दुकानात काम करते आणि तिचा सगळ्या जगाबद्दल एकच प्रश्न असतो, "याने त्रास तर नाही ना होणार?" तिने पत्रा पाहिला, सळई पाहिली, मला पाहिलं.

"अहो, हिला कशाला जुंपताय? उद्या शाळेत काहीतरी बोलायचंय ना हिला? आधीच त्या गणिताने पोरीची झोप उडवली होती."

"आई, हेच बोलायचंय."

"पत्र्यावर?"

"पत्र्यातच!"

"दोघं मिळून घर पत्र्याचं करा एकदाचं," असं म्हणत ती बसली. पण बसली. आणि चहा निवेपर्यंत उठली नाही. बाबांची कात्री करकरत माझ्या रेघेवरून चालली, वर चढली, खाली उतरली. मला वाटत होतं ती माझ्या पाठीवरूनच चालते आहे. मग वळवणं, शिवण, ठाक-ठाक. लाकडी हातोड्याचे शेवटचे चार ठोके बाबांनी मला मारू दिले. गुण्या लावला.

काटकोन.

"अहो, बसला की!" हे आई म्हणाली. मी नाही, बाबा नाहीत. आई!

शुक्रवारी एल्बो शाळेत न्यायचा म्हणजे वरात होती. वकिलीण आणि टिकटिक पैज हरल्या होत्याच. एकीकडे माझं दप्तर, एकीकडे पत्र्याचा पाइप. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वकिलीण धापा टाकत म्हणाली, "पैजेत पाइप नव्हता. मी अपील करणार."

शेवटचा तास.  मी कागदी पाइप टेबलावर उभा केला. "हे एक रूप," मी म्हटलं आणि त्याच्या गोल तोंडावर बोट फिरवलं. "वर्तुळ." फळ्यावर बारा आकडे लिहिले. "हे कोष्टक." त्याखाली सूत्र लिहिलं, उंची म्हणजे पंधरा गुणिले कोनाचा साइन. "आणि आलेख..." मी कागदी पाइपाची चिकटपट्टी काढली आणि तो सगळ्यांसमोर उलगडला. तिरका काप सपाट होत गेला आणि त्याची लाट झाली.

मागच्या बाकावरून या वेळी शिट्टी आली नाही. "ओहो" आलं.

मग मी खराखुरा एल्बो उचलला आणि पहिल्या बाकावर ठेवला. "आणि हे रूप हात लावायचं. दुपारी यातून लॉन्ड्रीची वाफ जाणार आहे. आधीचा एल्बो बिघडला, कारण लाट लांब केली पण उंच केली नाही." वाकडा एल्बोही मी आणला होता. तो फिरवला तेव्हा सगळे हसले, पण माझ्यावर नाही.

कंपास मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. "पाइप हाच. पण काटकोनाऐवजी साठ अंशांचंच वळण हवं असेल तर? काय बदलेल?"

हे मी तयार केलं नव्हतं. मी पाइपाकडे पाहिलं. पाइप तोच, म्हणजे गोलाई तीच. "लांबी नाही बदलणार. फक्त उंची. काप तीस अंशांचा, चढण कमी, लाट बुटकी." मी फळ्यावर हिशोब केला. "पंधराच्या जागी साधारण आठ-सात."

"बरं." मॅडमचा हा 'बरं' फार कमी लोकांना मिळतो.

मग वकिलीण उठली. उठणारच होती. "समजा एवढ्याच लांबीत एकाऐवजी दोन लाटा काढल्या आणि मग गुंडाळलं. तर?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. गेल्या महिन्यातली मी असते तर खाली बसले असते.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बघू या."

टिकटिक ओरडली, "आठ मिनिटं आहेत!" मी कागद घेतला, दोन लाटा काढल्या, वकिलिणीने कापलं, आम्ही गुंडाळलं. सरळ काप आला नाही. कड दोन ठिकाणी वर गेली आणि दोन ठिकाणी खाली. घोड्याच्या खोगिरासारखी. टेबलावर ती टेकेचना, डुलत राहिली. मॅडम पुढे आल्या, त्यांनी ते खोगीर हातात घेतलं आणि उजेडाकडे धरून गोल फिरवत बराच वेळ पाहिलं.

"हे मीही कधी करून पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. वीस-पंचवीस जण पत्र्याभोवती गोळा झाले होते. त्या गर्दीतून मॅडमनी मला खणाकडे बोलावलं. तो उघडून त्या बाजूला झाल्या.  मी हात घातला आणि कागद काढला.

दुपारी एल्बो लॉन्ड्रीत बसला. काकूंनी यंत्र चालू केलं, वाफ काटकोनात वळून भिंतीबाहेर गेली, आणि काकूंनी बाबांना विचारलं, "फर्मा कुठून आणलात?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग घरी येऊन मी बाबांना ते दोन लाटांचं खोगीर दाखवलं. ते हसले. "अगं, जाड पाइपावर बारीक पाइप उभा बसवायचा तर बारक्याचं तोंड साधारण असंच कापावं लागतं. त्याचा फर्मा माझ्याकडे एकाच मापाचा आहे. बाकी सगळं घासून-घासून बसवतो."

साधारण असंच! म्हणजे नेमकं कसं? माझ्या डोक्यात ते घुमतच राहिलं.

संध्याकाळी आई कामावरून आली. तिने चपला काढल्या, बाबा हात धुऊन टेबलाशी बसले, आणि मी उभी राहिले. बसून सांगण्यासारखं नव्हतं ते.

"आई, बाबा, दोघंही ऐका. मध्ये कोणी बोलायचं नाही. आई, तू सही केलेला अर्ज मी मॅडमकडून परत आणलाय. हा बघ. तू माझ्या भल्यासाठीच केली होतीस सही, आणि मागितली मीच होती, म्हणून तुझ्यावर राग नाही. पण मी सोप्या गणितात जात नाहीये. मोठ्यातच राहणार. कदाचित पुढच्या चाचणीतही कमी पडतील. पडले तर रडेन, रडू द्यायचं, पण नवा अर्ज आणायचा नाही. आणि बाबा, रविवारपासून भिंतीवरचा एकेक फर्मा मी खाली उतरवणार आहे. प्रत्येकाचं सूत्र काढणार, म्हणजे कुठल्याही मापाचा पाइप आला तरी तुमचा पत्रा फुकट जाणार नाही. पहिला पाइपावरच्या पाइपाचा घेणार. तो मला अजून येत नाही. म्हणूनच तो पहिला."